डावीकडे बसलेली गाडी

५ नोव्हेंबर ८१, गुरुवार

शी! आज पहिल्यांदा गाडीखाली शिरलो आणि काय दिसलं — लाकूड!

एवढी भारी अमेरिकन मोटरहोम. चाकांवरचं अख्खं घर. मागच्या चाकांना स्प्रिंगसुद्धा नाही, जाड रबराच्या हवा भरलेल्या पिशव्या आहेत, त्यांच्यावर गाडी तरंगते. आणि तिच्या पोटात, चेसिस आणि चाकाच्या दांड्याच्या मध्ये, एक घाणेरडा शिसवाचा ठोकळा खुपसलेला! तेलाने काळाकुट्ट, वर जुन्या टायरचा तुकडा खिळ्यांनी मारलेला, एका बाजूला पानाची पिंक. हात लागला तर चिकटला. घरी येऊन तीनदा साबण लावला, वास जात नाही.

शकूर मिस्त्रीचं काम. जुलैपासून रात्रीत गाडीची डावी बाजू खाली बसते, म्हणून त्याने लाकूड लावलं. झालं! इलाज संपला! या देशाचं असंच होणार.

बाबांना गाडीची फार काळजी आहे. कुठल्यातरी फाउंडेशनने बाबांच्या इन्स्टिट्यूटला फुकट दिली. बाबांनी आतले बेड काढून मायक्रोस्कोप, फ्रिज, टेबलं बसवली. तराईतल्या गावांमध्ये जाऊन गलगंडाचे पेशंट तपासायचे. १ डिसेंबरला बहराइचला निघायचं. नाही निघाली तर प्रोजेक्ट बंद, असं डायरेक्टर साहेबांनी तोंडावर सांगितलंय. मला पण सोबत नेणार आहेत. युनिव्हर्सिटीत स्ट्राइक आहे, परीक्षा कधी होईल देवालाच ठाऊक, तोपर्यंत मी मोकळाच.

६ नोव्हेंबर

आईने ही वही दिली तेव्हा अट घातली होती — रोज मराठीत लिहायचं. "तुझी चिठ्ठी वाचून नागपूरला आत्या हसते रे चंदू." शुद्धलेखन बघणार नाही म्हणाली, वही उघडणारही नाही. ठीक आहे. मग मनातलं लिहायला हरकत नाही.

९ नोव्हेंबर, सोमवार

अमेरिकेहून मागवलेलं पार्सल आलं!! नरहर काकांसोबत अमौसीला गेलो होतो. एअरपोर्टच्या कार्गोत तीन तास. काका इन्स्टिट्यूटच्या सगळ्या गाड्यांचे साहेब, बाबांचे मित्र, पण तीन तासांत त्यांनी काय केलं तर सुपारी कातरली. खट् खट् खट्. बोलताना सुपारीचे कण उडतात, एक माझ्या चष्म्यावर आला. मी त्यांचं नाव सुपारीसाहेब ठेवलंय. क्लार्क म्हणाला, एक सही बाकी आहे. काका म्हणाले, अच्छा. आणि परत खट्.

पण पार्सल! दोन नवे व्हॉल्व्ह, तळहातावर मावतील एवढे, पितळेच्या नळ्या, आणि पुस्तक. मी टेम्पोतच वाचायला घेतलं. सिस्टिम इतकी साधी आणि इतकी हुशार आहे यार! व्हॉल्व्ह चेसिसला लावलेला. त्याला एक दांडी, ती चाकाच्या हाताला जोडलेली. गाडीवर वजन आलं, गाडी खाली गेली, की दांडी वर ढकलली जाते, व्हॉल्व्ह पिशवीत हवा सोडतो. गाडी जास्त वर गेली, की तोच हवा बाहेर काढतो. कोणी बघत नसतानाही उंची सारखी ठेवतो. डावा व्हॉल्व्ह खराब आहे म्हणून हवा हळूहळू निघून जाते. बस, एवढंच! दोन बोल्ट, तीन जोड, नवा लावा. याच्यासाठी चार महिने लाकूड!

आलमबागला शेडवर गेलो (इन्स्टिट्यूटच्या गेटची कमान बुटकी, म्हणून गाडी आलमबागला भाड्याच्या शेडमध्ये असते). मिस्त्रीला पुस्तक दाखवलं. त्याने काळ्या हातांनीच घेतलं! पहिल्या पानांवरची चित्रं बघत बसला, बराच वेळ, जसा काही वाचतोच आहे. एका पानावर त्याचा अख्खा अंगठा उमटला. नवं कोरं, परदेशातून आलेलं पुस्तक! मी घरी येऊन ब्राउन पेपरचं कव्हर घातलं. ते पान बघवत नाही.

१० नोव्हेंबर

आजपासून मी वाचतो आणि मिस्त्रीला हिंदीत सांगतो. खरं काम पान सतरापासून सुरू होतं. त्याआधी नुसती लेक्चरबाजी — सावधान, हे करू नका, ते करू नका, चौकटीत मोठ्या अक्षरांत. अमेरिकन लोकांना वाटतं सगळे मूर्ख आहेत. सोळा पानं सोडली.

मिस्त्रीने विचारलं, "भैया, शुरू में क्या लिखा है?"

म्हटलं, काही नाही, भूमिका आहे.

१२ नोव्हेंबर

शेडचा वास — रॉकेल, ओला भुसा, आणि मागे कोणीतरी रोज करतं ते. समोशांवर माशा. मिस्त्री त्याच समोशातला अर्धा मला देत होता. त्याची नखं बघितली. म्हटलं, उपास आहे. कसला उपास हे त्याने विचारलं नाही.

आज साबणाचं पाणी लावून टेस्ट केली. डाव्या जुन्या व्हॉल्व्हच्या तोंडावर बुडबुडेच बुडबुडे. मी सांगितलेलंच खरं निघालं. मिस्त्री म्हणाला, हे तर त्याला जुलैतच कळलं होतं. हो का! मग चार महिने काय केलं? तर म्हणे वाल (व्हॉल्व्हला हा वाल म्हणतो) मिळत नव्हता, लाकूड मिळत होतं.

आणि एक गंमत. गाडीखाली जाण्याआधी हा माणूस डावीकडून वाकतो, हात आत घालतो आणि त्या ठोकळ्याला दोनदा थोपटतो. रोज! दर्ग्याच्या उंबऱ्याला हात लावतात तसा. मग आत जातो. मी विचारलं, नवा व्हॉल्व्ह लागल्यावर पण हे लाकूड ठेवणार का? म्हणाला, "लोहे का भरोसा है भैया, हवा का नहीं." वर तंबाखूचे दात दाखवून हसला. आता याला फिजिक्स शिकवू?

१४ नोव्हेंबर, शनिवार

सुपारीसाहेबांकडे गेलो. स्पष्ट सांगितलं — मिस्त्री अंदाजपंचे काम करतो. लेव्हल बघायला गाडीतल्या टेबलावर बशीत पाणी ठेवतो! पुस्तकात इंचात माप दिलंय, तरी! काका ऐकत होते की नाही कोण जाणे. मग म्हणाले, "हे बघ चंद्रहास, मिस्त्रीची पर्मनंट पोस्ट एकच आहे. अकरा वर्षं रोजंदारीवर आहे तो. हे काम नीट झालं तर डिसेंबरात त्याचं नाव पुढे पाठवतो. नाही झालं तर बाहेरचा माणूस येईल."

अकरा वर्षं! आणि पर्मनंट होणार ते या ठोकळ्याच्या जोरावर! वैताग आला. बाहेर पडताना काका म्हणाले, तू शेडवर जातोस ते कागदावर नाहीये हं, डायरेक्टर साहेबांना आवडायचं नाही, जरा जपून.

१८ नोव्हेंबर, बुधवार

जुने दोन्ही व्हॉल्व्ह निघाले. बोल्ट गंजून एक झाले होते. मी हातोडा घेतला तर मिस्त्रीने काढून घेतला, रॉकेल सोडलं आणि बिडी ओढत बसला. अर्धा तास! मग दोन बोटांनी पाना फिरवला. निघाले. असो.

नवा उजवा व्हॉल्व्ह लागला. मी दांडी वर केली, काही नाही. खाली, काही नाही. परत वर. मला वाटलं खराबच पाठवलाय! मिस्त्री म्हणाला, थांबा, हा विचार करून करतो. दांडी वर धरून उभा राहिला. दहा-बारा सेकंद. आणि मग — फुस्स्स — गाडी हळूच वर आली, म्हैस उठते तशी! पुस्तकात पान एकवीसवर हे आहे, रस्त्यावरच्या प्रत्येक खड्ड्याला दाद देऊ नये म्हणून व्हॉल्व्ह मुद्दाम उशीर करतो. मी वाचलं होतं आणि विसरलो. त्याने वाचलं नव्हतं.

आज तेवढं छान वाटलं. मग त्याच हातांनी माझी पाठ थोपटली. नवा शर्ट! आईला काय सांगू?

२१ नोव्हेंबर, शनिवार

झालं! डावा पण लागला! पुस्तकातल्या मापाने दोन्ही बाजू सारख्या. फूटपट्टी लावून मी स्वतः बघितलं. (मिस्त्रीने तरी बशीत पाणी ठेवलंच. ते पण लेव्हलमध्ये होतं, जाऊ दे.)

शनिवार, हाफ डे. दोनला मिस्त्री गेला. मी थांबलो. ती घाण आता बघवतच नव्हती. एवढं सुंदर काम आणि मध्ये ते लाकूड! हात घालून ओढलं, पटकन निघालं, कारण गाडी आता आपल्या हवेवर उभी होती. बाहेर उजेडात अजून किळसवाणं दिसत होतं. चौकीदाराची शेगडी पेटलेली होती, थंडी सुरू झालीय. दिलं टाकून. तेलामुळे असलं भडकलं! चौकीदार म्हणाला, वाह भैया.

आता ती गाडी खरी गाडी दिसते. सोमवारी डायरेक्टर साहेब बघायला येणार.

२३ नोव्हेंबर, सोमवार

साडेदहाला डायरेक्टर साहेब येणार होते. दहाला मी साबणाचं पाणी लावलं. डाव्या नव्या व्हॉल्व्हच्या नळीच्या जोडावर बुडबुडे. बारीक, पण होते. मिस्त्री चहा पीत होता. मी म्हटलं, चाचा, लवकर, डावा गळतोय, साहेब येतील.

त्याने चहा तसाच ठेवला. नेहमी तो डावीकडून शिरतो. आज डावीकडे माझी बादली होती, म्हणून मागून गेला. मी बॅटरी धरली होती. जोड परत बसवायचा तर आधी सैल करावा लागतो. त्याने पाना लावला, अर्धा आटा फिरवला आणि नळी सुटली. सगळी हवा एकदम. गाडी खाली आली. किती? चार इंच, पाच इंच.

उजवा हात चेसिस आणि चाकाच्या दांड्याच्या मध्ये होता. ठोकळा असायचा तिथेच.

तो ओरडला नाही. म्हणाला, "भैया, जैक." थोड्या वेळाने परत म्हणाला, "जैक."

जॅक कुठे ठेवतात मला माहीत नव्हतं. पान सतरापासून शेवटपर्यंत पाठ आहे मला. जॅक कुठे आहे माहीत नव्हतं. चौकीदाराने आणला.

२४ नोव्हेंबर

दोन बोटं काढली. अंगठ्याचं उद्या बघणार म्हणाले.

२५ नोव्हेंबर, बुधवार

अंगठा पण.

नरहर काका जबाब घ्यायला हॉस्पिटलमध्ये गेले, मला म्हणाले चल. मिस्त्री खाटेवर, हात बँडेजचा गोळा. बायको खाली जमिनीवर बसलेली, माझ्यासाठी उठून स्टूल पुसलं. पुसलं!

काकांनी विचारलं, ते लाकूड कुठे गेलं? मी तोंड उघडलं होतं. खरंच उघडलं होतं. त्याआधी मिस्त्री छताकडे बघत म्हणाला, "लकड़ी मैंने ही निकाली थी साहब. नए वाल लग गए, सोचा अब क्या ज़रूरत."

मी तोंड बंद केलं.

काकांनी ते लिहून घेतलं. मिस्त्री उर्दूत सही करतो. मला वाटायचं अंगठेबहाद्दर आहे, पण काका म्हणाले, मोठी झोकदार सही असते त्याची पगाराच्या कागदावर. आज डाव्या अंगठ्याचा ठसा घेतला. काका शाईची डबी आणायला बाहेर गेले तेव्हा मी म्हटलं, चाचा, असं का सांगितलंत? हळूच बोलला, बायकोला ऐकू जाऊ नये म्हणून. "आप वहाँ थे ही नहीं भैया. काग़ज़ पर आप कहीं नहीं हैं. पहले डॉक्टर साहब की गाड़ी रवाना हो जाए."

बरोबर आहे. बाहेरचा पोरगा गाडीला हात लावत होता हे कळलं तर बाबांचा प्रोजेक्ट त्याच दिवशी बंद. हे त्याने दोन दिवसांत, त्या हाताने, विचार करून ठरवलं.

परत येताना काका म्हणाले, स्वतःच्या चुकीने झालं, आता पोस्टचं कठीण आहे. आज त्यांनी सुपारी कातरली नाही.

२७ नोव्हेंबर, शुक्रवार

काकांनी टेक्निकल रिपोर्ट लिहायला सांगितला. "तुझं इंग्लिश चांगलं आहे, तू लिही, सही मी करतो." १ तारखेला फाइल पुढे जाणार, पोस्टच्या कागदासकट.

दोन तासांत लिहिला. स्वच्छ. बाबांच्या टाइपरायटरवर. मिस्त्रीने आपल्या मनाने आधार काढला, आधाराशिवाय हवेची नळी सोडली, वगैरे. एकही स्पेलिंग चुकलं नाही. बाबांनी वाचला आणि म्हणाले, फार मुद्देसूद. मग मी बाथरूममध्ये जाऊन ओकलो. आईला वाटलं बाहेरचं काहीतरी खाल्लं. मी तर तिथलं काही खाल्लंच नाही कधी.

रिपोर्टमध्ये पान नंबर द्यायचा होता म्हणून पुस्तक उघडलं, पहिल्यापासून. पान चार. चौकटीत लिहिलंय — गाडीखाली जाण्यापूर्वी चेसिस आणि चाकाच्या दांड्याच्या मध्ये कडक लाकडाचा ठोकळा घाला. हवेवर कधीही विसंबू नका. खाली चित्र. ठोकळ्याचं. वर रबराचा तुकडासुद्धा आहे.

त्या चित्रावर त्याचा अंगठा आहे. काळा, सगळ्या रेषा दिसतात. उजवा.

२८ नोव्हेंबर

आईने विचारलं जेवत का नाहीस. "उपास आहे," म्हटलं.

२९ नोव्हेंबर, रविवार

२३ तारखेचं एक लिहायचं राहिलं. राहिलं नाही. लिहिलं नाही.

गाडीखालून त्याने विचारलं होतं. पाना लावायच्या आधी. मागून शिरल्यामुळे ठोकळ्यापर्यंत हात पोचत नव्हता, म्हणून विचारलं, "भैया, लकड़ी है न?"

मी घड्याळ बघत होतो. म्हटलं, "हाँ है, जल्दी कीजिए."

आत्ता इथे 'विसरलो होतो' असं लिहिलं आणि खोडलं. विसरलो नव्हतो. शेगडीत टाकलं ते चांगलं आठवत होतं. मला वाटलं, नवा व्हॉल्व्ह आहे, काय होतंय. आणि सांगितलं तर हा बाहेर येणार, दुसरं लाकूड शोधणार, अर्धा तास जाणार, डायरेक्टर साहेबांसमोर गाडीखाली परत ते भिकार लाकूड. मला लाज वाटली असती. लाकडाची.

म्हणजे मिस्त्रीला माहीत आहे. पहिल्यापासून माहीत आहे मी काय उत्तर दिलं ते. तरी छताकडे बघून म्हणाला, मैंने ही निकाली थी.

पाच तारखेपासूनची सगळी पानं आज वाचली. शी, शी, शी, प्रत्येक पानावर. त्याची नखं, त्याचे दात, त्याचा समोसा. शी खरी कुठे म्हणायला हवी होती!

१ डिसेंबर, मंगळवार

सात वाजता गाडी बहराइचला गेली. दोन्ही बाजू सारख्या. बाबांनी माझी सीट ठेवली होती. मी चढलो नाही. ड्रायव्हरच्या पायाशी नवा ठोकळा ठेवलाय, शिसवाचा. चौकातल्या सुताराकडून मी करून घेतला.

टाइप केलेला रिपोर्ट फाडला. नरहर काका, साडेदहाला तुम्ही ऑफिसला याल तेव्हा टेबलावर पुस्तक असेल आणि ही वही. पुस्तकात पान चार. वहीत २१ आणि २९ तारीख, खुणेला कागद घातलेत. तुमच्याबद्दल लिहिलेलं पण त्यात आहे, तेही वाचा. मी बाहेर बाकावर बसलोय. पण फाइल पुढे पाठवण्याआधी वाचा.